आत्याच्या कार्डांवरच्या खुणा

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज माझं पहिलं पान उघडलं! वहीचं नव्हे, वेबसाइटचं, आणि तेही मी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममधून. पडद्यावर "आत्याचे रंग" एवढे दोनच शब्द उमटले आणि मी खुर्चीतून अशी उठले की टेबलावरचा तांब्या खाली गेला. खालून आत्या ओरडली, "काय पडलं गं?" म्हटलं, "काही नाही, वेबसाइट उभी राहिली." तर म्हणे, "उभी राहिली तर आवाज पडल्याचा कसा आला?"

ही वही त्यासाठीच आणली आहे. विमा कंपनीत अकरा वर्षं दुसऱ्यांचे फॉर्म भरले, तेव्हा दिवसाकाठी लिहावं असं काही घडत नव्हतं. आता सहा महिन्यांचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स करून, नोकरी सोडून, आत्याच्या रंगाच्या दुकानावरच्या खोलीत येऊन बसले आहे. दादा मोठ्या कंपनीत प्रोग्रॅमर. तो म्हणतो, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. म्हणू दे.

आत्या चाळीस वर्षं हाताने रंग कालवते आहे. चपलांच्या जुन्या खोक्यात तिची ४१२ कार्डं आहेत. प्रत्येकावर रंगाचं तिने ठेवलेलं नाव, खाली कृती, त्याखाली ब्रशने ओढलेला पट्टा आणि मागे तारीख. कृती तिच्या खास भाषेत. 'पांढरा १२ + पिवळा ४' म्हणजे इतकी मापं. 'पातळ ५०%' म्हणजे किती पातळ करायचा ते. # ही खूण आली की त्यापुढे शेवटचे थेंब. रंग पूर्ण कालवून झाला की अगदी शेवटी टाकायचे, आधी नाही. काही कार्डांवर शेवटी प्रश्नचिन्ह आहे. ते कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, "असंच."

आता मुख्य गोष्ट. मशीनवाला २८ तारखेला येणार आहे. त्याचं रंग कालवायचं मशीन दुकानात बसवायचं, बटण दाबायचं, रंग बाहेर. मग हाताचं काम बंद, खोकं माळ्यावर. आणि आत्या चक्क "घेऊन टाकू" म्हणते! मला झोंबलंच. मी म्हटलं, "२८ पर्यंत थांब. तोवर वेबसाइटवरून लोक तुझे हाताचे रंग मागवायला लागले, तर मशीन नाही घ्यायचं." म्हणाली, "बघ बाई, तुझी हौस."

हौस नाही, आत्या. दाखवतेच.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

कार्डं टाइप करायला घेतली. मी कार्ड उचलून नुसतं नाव वाचायचं, आत्याने कृती सांगायची. "ओली पाटी." "काळा सहा, निळा दोन, पांढरा एक, त्यात थेंब हिरव्याचे तीन." कार्डाकडे बघतसुद्धा नाही! चाळीस वर्षं म्हणजे काय असतं ते मला आज कळलं. फक्त गेल्या वर्षा-दीड वर्षातली कार्डं तिला पाठ नाहीत, ती मलाच वाचायला लावते.

मध्येच एखादं कार्ड पुढे करून विचारते, "हा पट्टा कसा दिसतोय तुला?" मी आपली "छान" म्हणते. तिला मला तयार करायचंय, हे उघड आहे. परीक्षाच घेते आहे माझी! विमा कंपनीत कुणी एवढा जीव लावला नव्हता.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

वेबसाइटवर प्रत्येक रंगाच्या पानाला स्वतःचा पत्ता द्यायचा, आणि तो पत्ता म्हणजे त्या रंगाची कृतीच, हे मी ठरवून टाकलं. पत्त्यात जी कृती आली तीच पानावर दाखवायची, तीच मागणीच्या चिठ्ठीवर छापायची. वेगळी यादी नको, शोधाशोध नको. सुचलं तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "रंगांना नंबर दे. एक, दोन, तीन. झोप शांत लागेल."

"नंबर तर कैद्यांना पण असतात. हे आत्याचे रंग आहेत."

"मॅडम, कृतीत काय काय चिन्हं आहेत?"

मी सांगितली. तो इतका हसला की वहिनीने विचारलेलं मला ऐकू आलं, "काय झालं हो?" मग म्हणाला, "पत्त्यात काही चिन्हं असुरक्षित असतात. ती आधीच नोकरीला आहेत. त्यांना घरकाम सांगायला जाशील तर पस्तावशील."

चिन्हं कसली असुरक्षित? रंगाच्या दुकानात असुरक्षित काय असतं तर वरच्या फळीवरचा डबा.

मुकादमालाही भीती. हा रंगकामाचा कंत्राटदार, आत्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, रोज एकदा तरी दुकानात टेकतो. म्हणाला, "आत्या, कृती सगळ्या जगाला दाखवणार? उद्या कुणीही कालवेल."

आत्या म्हणाली, "कालवू दे. कृती घेईल, हात कुठून आणेल?"

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

साध्या कृतींची पानं धडाधड उघडली! 'सकाळची सावली' उघडली, 'विटांची भिंत' उघडली. आनंदाच्या भरात 'सकाळची सावली'चा पत्ता मुकादमाला मेसेजने पाठवला. पाच मिनिटांत तो फोन नाचवत हजर.

"हे काय पाठवलंत ताई? मांजर चाललं का कीबोर्डावरून?"

बघते तर पत्त्यातली आपली अक्षरं गायब, नुसती %E0%A4 अशी मालगाडी. एकेका अक्षराचे नऊ डबे. घाबरून दादाला विचारलं. तो म्हणाला की हे बरोबरच आहे. पत्त्याला इंग्रजी मुळाक्षरं, आकडे आणि चार-दोन खुणा एवढंच चालतं, बाकी सगळ्यांनी वेष पालटून यायचं. टक्क्याची खूण म्हणजे पुढे वेष पालटलेला कुणीतरी उभा आहे याची वर्दी. पलीकडे पोचल्यावर वेष उतरतो. मधली मोकळी जागासुद्धा %20 होऊन जाते. मला हे इतकं आवडलं की मी दुपारभर आत्याच्या नावाचे वेष पालटत बसले. आत्या म्हणाली, "जेवून घे आधी, मग तमाशा कर."

सोमवार, १० फेब्रुवारी

'पातळ ५०%' असलेलं एकही पान उघडत नाही. साहजिकच आहे. टक्का दिसला की पलीकडचा समजतो वेषधारी आला, आणि मागे कुणीच नाही! मग मी टक्क्यालाच वेष दिला, %25. वाटलं, जिंकलं. पण प्रोग्रॅममध्ये एक वेष मी देत होते आणि दुसऱ्या ठिकाणी तोच वेष परत दिला जात होता. %20 चं झालं %2520, त्याचं %252520. टक्क्याला पिल्लं होत गेली. आगीतून फुफाट्यात.

चार तास गेले. शेवटी कळलं ते इतकंच, की वेष एकदाच द्यायचा आणि पलीकडे एकदाच उतरवायचा. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावलं आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सगळी उघडली!!! ४१२ च्या ४१२!

प्रोग्रॅमिंगच्या भाषेतच एक तयार आज्ञा मिळाली. अख्खा पत्ता तिच्या हवाली करायचा, ती बघून बघून ज्याला गरज त्याला वेष देते. सगळे पत्ते तिच्यातून काढले आणि प्रोग्रॅमकडून एकेक उघडून घेतले. एकही अडलं नाही. मी खाली जाऊन आत्याला उचलायचा प्रयत्न केला. ती उचलली गेली नाही, पण हसली पुष्कळ.

पत्ते काय, मी आता कुणालाही वेष देईन.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दुकानाच्या काचेवर आणि मुकादमाच्या सगळ्या ओळखीत वेबसाइट जाहीर केली. दीड तासात पहिली मागणी! दोन गल्ल्या सोडून दाताची डॉक्टर आहे, तिला पेशंट बसायच्या खोलीसाठी 'जुनं पत्र' हवा आहे. सोबत लिहिलं होतं, "लोक माझ्याकडे घाबरून येतात. भिंतींनी तरी त्यांना शांत करावं." हे वाचून मला भरूनच आलं.

चिठ्ठी छापून निघाली. चिठ्ठीवरची अक्षरं मी मुद्दाम मोठी ठेवली आहेत, आत्याला ती फार आवडली. म्हणाली, "हे बरं केलंस. कार्ड चाळायला नको." 'जुनं पत्र' हे मागच्या वर्षीचं कार्ड, त्यामुळे पाठ नव्हतं. तिने चिठ्ठी समोर टेकवून कालवलं. मापं घेताना हात कसा चालतो तिचा! मग रंग कालवायची काठी उचलून दारापाशी उजेडात धरली, बराच वेळ बघितलं, आणि मला विचारलं, "कसा दिसतोय?"

"झकास!" मी म्हटलं. मी तो रंग जन्मात कधी नीट बघितला नव्हता, पण झकास नसेल तर काय असेल?

मुकादम डबे घेऊन गेला. काम त्याच्याकडेच आहे. आज मला दोन तोंडं असती तर दोन्हींनी बडबडले असते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

अजून तीन मागण्या. मशीनवाल्याची जाहिरात दारावर होती, ती मी काढून खिडकीच्या फटीत कोंबली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

हात दाखवून अवलक्षण.

डॉक्टरबाई स्वतः आल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसत होत्या, पण कशा, ते मला सांगता येणार नाही. म्हणाल्या, "तुम्ही चला, बघा." गेले. खोलीच्या चारही भिंती पिवळ्या. जुन्या पत्राचा काळसर शांतपणा कुठेच नाही, नुसता पिवळा. एक म्हातारे पेशंट तिथे बसले होते, ते म्हणाले, "बाई, दात पिवळे असतील तर घासता तरी येतात."

मुकादमाला मी तिथेच धरलं. "तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं ना ताई. मला वाटलं बाईंनी हाच निवडला असेल. आणि आत्यांनी काही विचारलंही नाही. नाहीतर कधीकधी डबा उघडून विचारतात, हा कसा वाटतो म्हणून. या वेळी विचारलं नाही, मग म्हटलं नक्कीच बरोबर असणार."

घरी येऊन चिठ्ठी आणि कार्ड शेजारी ठेवलं. कार्डावर: पांढरा १२ + पिवळा ४ + तांबूस १ # काळा ५ ? चिठ्ठीवर: पांढरा १२ + पिवळा ४ + तांबूस १. संपलं. काळ्याचे पाच थेंब गायब. जे पिवळ्याला जुनं करतात, तेच.

मला रडू आलं. आत्या म्हणाली, "चूक माझी आहे."

"तुझी कशी? चिठ्ठी माझी होती."

"कालवलं मी."

तेही खरंच. चाळीस वर्षं रंग बघणाऱ्या बाईला पिवळाधमक दिसला नाही? घाईत असेल. किंवा माझ्या मोठ्या अक्षरांवर तिने नको इतका विश्वास टाकला. तो विचार जास्त टोचतो. बाकी तिन्ही मागण्या थांबवल्या आहेत.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

दादाला सगळं सांगितलं. या वेळी तो हसला नाही.

"# ची नोकरी काय माहीत आहे? पत्त्यात # आलं की त्यापुढचं सगळं ब्राउझर स्वतःजवळ ठेवतो, पानात कुठे जायचं ते बघायला. तुझ्या प्रोग्रॅमपर्यंत ते पोचतच नाही. आणि प्रश्नचिन्ह आलं की त्यापुढचं सगळं वेगळी चौकशी म्हणून बाजूला काढलं जातं."

"पण सगळी पानं उघडली होती!"

"उघडली. बरोबर उघडली का, ते बघितलंस?"

नाही बघितलं. दार उघडलं एवढ्यावर मी नाचले, आत कोण बसलंय ते बघितलंच नाही. शिवाय मी वापरलेली आज्ञा अख्ख्या पत्त्यासाठी आहे. ती # आणि ? ला हात लावत नाही, कारण तिला वाटतं ते नोकरीवरच आले आहेत. पत्त्याच्या एकेका तुकड्यासाठी दुसरी आज्ञा आहे, ती कुणालाच सोडत नाही.

पण मला आता या चिन्हांचीच दहशत बसली होती. आत्याला म्हटलं, "मी सरळ सगळी चिन्हं काढून टाकते. थेंबांच्या जागी 'थेंब' लिहू. टक्क्याच्या जागी 'टक्के'. आणि ते प्रश्नचिन्ह तर काही कामाचंच नाही, ते उडवते."

हो ला हो करणारी आत्या एकदम उभी राहिली. "प्रश्नचिन्हाला हात लावायचा नाही."

"अगं, पण ते करतं काय?"

"काही करत नाही ना? मग राहू दे. तुझं काय खातंय?"

एवढा आवाज तिने मशीनवाल्यावरसुद्धा कधी चढवला नव्हता. नाकापेक्षा मोती जड! मी पाय आपटत वर आले. हट्टी घराणं आहे आमचं, आपलेच दात, आपलेच ओठ.

गुरुवार, २० फेब्रुवारी

जमलं. आणि या वेळी नाचायच्या आधी तपासलं.

कृतीचा तुकडा पत्त्यात घालण्याआधी वेगळा काढला, त्या दुसऱ्या आज्ञेतून नेला. # झालं %23, प्रश्नचिन्ह झालं %3F. आता त्यांना कुणी नोकरीवरचे समजणार नाही. मग एक परीक्षक प्रोग्रॅम लिहिला. एकेक कार्ड पाठवायचं, पलीकडून जे येईल ते मूळ कार्डाशी अक्षर न् अक्षर ताडून बघायचं. आधी जुन्या पद्धतीवर चालवला. ४१२ पैकी ८३ नापास! आणि मी त्या दिवशी आत्याला उचलायला गेले होते.

मग नव्यावर चालवला. बघवेना, म्हणून पाठ फिरवून उभी राहिले. वळले तर, नापास शून्य.

शून्य! इतका सुंदर आकडा मी आयुष्यात बघितला नव्हता. आरडाओरडा करत जिन्यावरून खाली गेले आणि वाटेत पांढऱ्याच्या डब्याला लाथ लागली. आत्या म्हणाली, "जिना रंगवायचाच होता."

शनिवार, २२ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंची खोली मुकादमाने पुन्हा रंगवून दिली. पाच थेंबांसह. मी बघायला गेले तेव्हा तेच म्हातारे पुन्हा आले होते. भिंतीला डोकं टेकून चक्क झोपले होते. डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "आठवड्यात दोनदा आलेत. दात दुखत नाही म्हणतात." हसू दाबताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

सात नव्या मागण्या. मशीनवाल्याला आता हात हलवत परत पाठवायचं! आत्या कालवते, पण प्रत्येक वेळी मला विचारते, कसा दिसतोय, कसा दिसतोय. परवा तर निळ्याचा डबा समोर असताना "निळा दे गं" म्हणून हात पुढे केला. परीक्षा किती घ्याव्यात माणसाने? मी पास झाले ना आता?

मंगळवार, २५ फेब्रुवारी

दादासमोर मिरवायचं म्हणून एक यादी काढली. कुठली खूण किती कार्डांवर, आणि कार्डांच्या मागच्या तारखांप्रमाणे लावलेली. टक्का पहिल्या वर्षापासून आहे. # सुद्धा. प्रश्नचिन्ह मात्र अडतीस वर्षं कुठेच नाही. पहिलं येतं ते सव्वादोन वर्षांपूर्वी, एका निळ्यावर. मग जांभळ्यावर. पुन्हा निळ्यावर. मग पांढऱ्याच्या जवळपासचे सगळे. एकूण अडतीस कार्डं. आणि शेवटची अकरा कार्डं, एकही सुटलेलं नाही, सगळ्यांवर प्रश्नचिन्ह.

मी दादाला वाचून दाखवलं. "बघ, कसा क्रम सापडला!"

तो म्हणाला, "तू आत्याला शेवटचं नीट कधी बघितलंस?"

"रोज बघते की."

"तू पडदा बघतेस," तो म्हणाला. "यादी घेऊन तिच्याजवळ जाऊन बस."

मी अजून गेलेले नाही. यादी समोर आहे. निळा, जांभळा, निळा, पांढरा, पांढरा. "निळा दे गं." चिठ्ठीवरची मोठी अक्षरं. "कसा दिसतोय तुला?"

अगं आई गं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

सकाळी दुकान उघडायच्या आधी तिच्यासमोर यादी ठेवली. तिने ती हातात घेतली, लांब धरली, आणि खाली ठेवली. "वाच तूच."

मी वाचलं नाही. म्हटलं, "आत्या, तुला दिसत नाही?"

"दिसतं. सगळं दिसतं. पण मळकट काचेतून बघितल्यासारखं. निळा कुठला आणि करडा कुठला, ते कळत नाही." मग म्हणाली, "ज्याचं मला खात्रीने सांगता येत नाही, त्यावर खूण करायची. ती खूण दिसली की मुकादमाला विचारून घ्यायचं, सहज बोलता बोलता."

"त्याला माहीत आहे?"

"त्याने कधी विचारलं नाही. चांगला माणूस आहे."

आणि मी ती खूण चिठ्ठीवरून घालवली होती. थेंब गेले ते गेलेच, पण ती खूण राहिली असती, तर तिने मुकादमाला डबा दाखवला असता आणि भिंत पिवळी झाली नसती. तिने मला विचारलं होतं, दारात उजेडात काठी धरून, आणि मी झकास म्हणाले होते.

"म्हणून मशीन हवं होतं तुला?"

"मशीनला विचारावं लागत नाही, कसा दिसतोय म्हणून." ती हसली. "पण तू इतकी नाचत होतीस. तुझा उत्साह मोडवेना."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तेहतीस वर्षांची बाई. तीन आठवडे मी तिला वाचवत होते, आणि जी एक गोष्ट तिला वाचवणार होती तीच बाहेर हाकलत होते. तिने केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "केसांना पांढरा लागलाय तुझ्या." मी म्हटलं, "तो दिसला तुला?" म्हणाली, "हाताला लागला." मग दोघी हसत सुटलो, थांबता थांबेना.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. पुढच्या महिन्यात ऑपरेशन, आधी एक डोळा, मग दुसरा. डॉक्टर म्हणाले, "रंग लख्ख दिसतील, निळे तर विचारू नका." मला उडीच मारावीशी वाटली.

आत्या मात्र घरी आल्यावर म्हणाली, "आणि लख्ख दिसायला लागल्यावर कळलं, की मी केलेले सगळेच चुकले होते, तर?"

तिला ऑपरेशनची भीती नव्हती, ही भीती होती. दोन वर्षं ती याच भीतीने गप्प बसली होती. मी म्हटलं, "सगळे नाही. अडतीसच. तूच खुणा करून ठेवल्यात. बाकीच्यांची तुला खात्री होती." ती हळूच म्हणाली, "होती खरी."

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

मशीनवाला बरोबर अकराला आला, टाय लावून, कागद घेऊन. आत्या म्हणाली, "सहा महिन्यांनी या. सध्या घरात एक मशीन आहे. फार बोलतं, पण शिकतंय." तो माझ्याकडे बघून गोंधळला. मुकादम पोट धरून हसला. खिडकीच्या फटीतली जाहिरात मी काढून इस्त्री करून त्याला परत दिली.

मग आम्ही अडतीसातलं पहिलं कार्ड घेतलं, सव्वादोन वर्षांपूर्वीचं, 'लांबचा डोंगर'. आत्याने कालवलं. दारापाशी भर उन्हात काठी धरली आणि नेहमीसारखं विचारलं, "कसा दिसतोय?"

तोंडावर "छान" आलं होतं, ते गिळलं. काठी हातात घेतली. उन्हात बघितली, सावलीत बघितली. कार्डावरचा जुना पट्टा शेजारी धरला. दोन मिनिटं गेली असतील.

"आत्या, थोडा हिरव्याकडे जातोय. डोंगर लांबचा नाही वाटत, जवळचा वाटतो."

तिचा चेहरा असा उजळला, जसा मी ४१२ पानं उघडली तेव्हाही उजळला नव्हता. "किती?"

"तांबूस दोन थेंब टाकून बघूया?"

तिने टाकले. मी बघितलं. बरोबर वाटला. कार्डावर # च्या पुढे तिने चाचपडत 'तांबूस २' लिहिलं. त्याचं प्रश्नचिन्ह खोडायला मी पेन उचललं, तर तिने माझा हात धरला. "ते मी खोडीन. स्वतः बघून."

वर येऊन नवी कृती चढवली आणि परीक्षक चालवला. नापास शून्य. 'लांबचा डोंगर'च्या पत्त्यात अगदी शेवटी %3F दिसतं. लोकांना वाटेल, मांजर चाललं कीबोर्डावरून. तिला दिसेपर्यंत ते तिथेच राहणार आहे.